आमचा प्रस्ताव खोडणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. आभार मानायचे नाहीत ही मोडली आहे. रागवायचं असेल तर वर वाडीवर येऊन रागवा.

परवा अनुदानाचा पहिला हप्ता संस्थेच्या खात्यात जमा झाला. बँकेचा मेसेज वाचला आणि आधी आठवली ती तुमच्या पडवीतली दुपार. डोंगरातले झरे शोधून त्यांचं पाणी मोजण्याचा आमचा १४ पानी प्रस्ताव तुम्ही मांडीवर घेतलात आणि पहिल्या पानावर 'जीआयएस' (संगणकावरचे नकाशे) जिथं जिथं आलं होतं तिथं पेन्सिलीनं गोल करत गेलात. नऊ गोल झाले. मग विचारलंत, "आणि पाणी कितीदा आलंय?" एकदाच आलं होतं, तेही शीर्षकात.

तेव्हा मला राग आला होता, आता सांगायला हरकत नाही. एका ठिकाणाहून नकार आलेला, दुसरीकडून साधी पोचही नाही. उपग्रह, ड्रोन, डॅशबोर्ड असे शब्द पेरले की देणाऱ्यावर छाप पडते, अशी माझी समजूत. तुम्ही कंपनी कायद्याची सातवी अनुसूची पुढ्यात टाकलीत. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा, पैसा कशावर खर्च करायचा त्याची ती यादी. त्यात नकाशे काढणं कुठंच नाही; पिण्याचं सुरक्षित पाणी आहे, माती-पाण्याचं संवर्धन आहे. "मोठ्या कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचेच असतात, पण या यादीतल्या कामावर. त्यातही आधी आसपासच्या भागात. त्यांच्या कारखान्यापासून तुमच्या वाड्या किती लांब, ते मोज आणि पहिल्या परिच्छेदात लिही."

मग खर्चाचा तक्ता. सॉफ्टवेअरच्या परवान्याचे पैसे खोडलेत, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून. उपग्रहचित्रांचेही खोडलेत, कारण सेंटिनेल-२ उपग्रहांची, एकेक चौकोन १० मीटरचा असलेली चित्रं कुणालाही मोफत मिळतात. वेळापत्रकात 'सर्वेक्षणाच्या परवानगीसाठी तीन महिने' होते, तेही गेले. केंद्राच्या फेब्रुवारी २०२१ च्या नकाशांबाबतच्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय संस्थेला ती पूर्वपरवानगी लागत नाही, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं! वाचलेले सगळे पैसे तुम्ही चालणाऱ्यांच्या नावावर टाकलेत: वाडीतल्या सहा जणींचं मानधन, पेट्रोल, बादल्या.

बादल्यांना मी हसलो होतो. पण झरा असतो दोन-चार फुटांचा, १० मीटरच्या चौकोनात तो दिसणार कसा? एप्रिलमध्ये डोंगर करपलेला असताना एखादा चौकोन हिरवा राहिला तर तिथं ओल असावी, एवढंच वरून कळतं. पुढं पायीच जायचं. पहिल्या झऱ्यावर १० लिटरची बादली भरायला ४० सेकंद लागले, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. हा आकडा प्रस्तावात गेला, आणि कंपनीच्या बैठकीत मॅडमनी पहिला प्रश्न त्यावरच विचारला, "मे अखेरीला किती सेकंद लागतात?"

उत्तर नव्हतं. "तेच शोधायला पैसे मागतोय," मी म्हणालो. तुम्ही शिकवलेलं नव्हतं हे, पण तुमच्यामुळेच सुचलं.

केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे अर्ज करायला निघालो होतो, तर थांबवलंत. बेसॉल्टच्या कुठल्या थरातून किती पाणी येतं ते आधी दोन वर्षं मोजा, मग एखाद्या कॉलेजला सोबत घेऊन जा, म्हणालात. तसंच करू. आणि सीएसआरचा पैसा घ्यायला संस्थेला लागणारी सीएसआर-१ची नोंदणी आमच्याकडे नाही कळल्यावर ज्या सीएंना तुम्ही फोन लावलात, त्यांनी फी घेतली नाही. त्यांनाही नमस्कार सांगा.

मेच्या शेवटच्या रविवारी त्याच झऱ्यावर बादली लावणार आहोत. चढ फार नाही, अर्ध्या वाटेपर्यंत जीप जाते. घड्याळ तुम्ही धरायचं.

आपला,
पाटण तालुक्यातला विद्यार्थी