नाव न सांगता मदत करणाऱ्यांचे मनापासून आभार

छोट्या गावात बसून तंत्रज्ञानावर लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि ते तुम्हा अनोळखी माणसांच्या जिवावर चालतं. रात्री-अपरात्री कुठे अडलं, की कुणीतरी आधीच उत्तर लिहून ठेवलेलं असतं, तेही स्क्रीनशॉटसकट.

सगळ्यात मोठं ऋण देवनागरीसाठी राबलेल्यांचं. १९९१ मध्ये युनिकोडची, म्हणजे वेगवेगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी ठरावीक क्रमांक देणाऱ्या तक्त्याची, पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होती. पण तक्त्यात जागा मिळाली म्हणून अक्षर पडद्यावर नीट उमटतंच असं नाही. ‘वाऱ्यावर’मधला तो आडवा, किंचित वाकलेला अर्धा र बघा. नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ, मग हलन्त (पाय मोडल्याची खूण), मग य, असे तीन संकेत ओळीने आले की फाँटने त्यांचं एक जोडाक्षर करायचं. कुणीतरी हे चिकाटीने तपासलं, बिघडलं तिथे कळवलं, पुन्हा तपासलं. त्यावर माझं रोजचं लिखाण उभं आहे.

लिबरऑफिस या लेखन-हिशोबाच्या मोफत सॉफ्टवेअरचे मेन्यू मराठीत आणणाऱ्यांनो, तुमचेही आभार. आणि ‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ असं प्रत्येकाला न कंटाळता, हसत सांगणाऱ्यांचे तर विशेष आभार. बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं!