ॲड्रेनालिन मांडीत दे, शिरेत नको

सांगली

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

आग्या मोहोळ उठून माश्यांनी फोडून काढलेला रुग्ण साठीचा, त्यात बायपास झालेला असला की ॲड्रेनालिन भरताना हात अडखळतो, असं तू लिहिलंस. अडखळू नकोस. जीवघेण्या ॲलर्जीने घसा सुजलाय, बीपी पडलंय, अशा वेळी त्याचं हृदय वाचवणारं औषधही तेच आहे. हृदयविकार आहे म्हणून मांडीतलं इंजेक्शन टाळायचं नसतं.

हृदयाला गंभीर इजा होते ती बहुतेक शिरेतून झटकन दिल्यामुळे किंवा डोस चुकल्यामुळे. आपली ॲम्प्युल १ मिलीची, त्यात १ मिलिग्रॅम. हृदय बंद पडलं की ती अख्खी शिरेतून द्यायची, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि गडबडीत हात तिकडेच जातो. नाडी चालू असताना तेवढं शिरेत गेलं तर बीपी एकदम उसळतं, व्हीटी होते, म्हणजे हृदय घातक वेगाने धडधडतं, हृदयाला रक्त पुरवणारी कोरोनरी धमनी आखडते, फुप्फुसांत पाणी भरतं. चांगल्या धडधाकट माणसालाही टाकोत्सुबो होतो, म्हणजे डाव्या कप्प्याचं टोक फुगून ढिलं पडतं.

म्हणून १ मिलीच्या सिरिंजमध्ये अर्धीच ॲम्प्युल ओढ, ०.५ मिली. तिच्यासोबतची बारीक सुई काढून इंचभराची लाव, नाहीतर औषध चरबीतच राहतं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध, सरळ आत. मुलांना किलोमागे ०.०१ मिली, ०.३ पर्यंत. ५ मिनिटांत उतार नाही तर पुन्हा. धडधड, हातांची थरथर, चेहरा पांढरा पडणं हे होणारच, थोड्या वेळात ओसरतं.

छातीत दुखून ईसीजी बदलला तर लगेच इंजेक्शनवर खापर फोडू नकोस. ॲलर्जीतला हिस्टामीनच कोरोनरी आखडवतो. त्याला कौनिस सिंड्रोम म्हणतात, १९९१ पासून माहीत आहे. तो ॲड्रेनालिनच्या आधीही दिसतो. मॉर्फिन मात्र देऊ नकोस, त्याने हिस्टामीन आणखी सुटतो. बीपी पडलेलं असताना छातीदुखीवरचं नायट्रेटही नको, त्याने बीपी आणखी उतरतं. आडवा झोपव, पाय उंच, सलाइन जोरात. दम लागला असेल तरच टेकून बसव. बरं वाटतंय म्हणून उठून उभा राहिला, की तिथेच कोसळतो.

मेटोप्रोलॉल, ॲटिनोलॉल अशी हृदयाची गती कमी करणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर ॲड्रेनालिन नीट लागू पडत नाही. तरी आधी तेच. मग, त्या गोळीचा अडसर टाळून हृदयाला जोर देणारं ग्लुकॅगॉन १ ते ५ मिलिग्रॅम शिरेतून, ५ मिनिटं घेऊन सावकाश. उलटी होते, कुशीवर वळव. कराडला ते कुठे मिळतं हे आजच विचारून ठेव.

आणि ॲलर्जीच्या ट्रेमधल्या ॲम्प्युलच्या खोक्यावर चिकटपट्टी लावून जाड पेनाने लिही : ‘मांडीत, ०.५’. रात्रपाळीच्या सिस्टरलाही तेच दिसू दे.

तुझा,
अविनाश