राहुल सदाशिवन आणि मधली आठ वर्षे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत मल्याळम भयपटांवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे, पण राहुल सदाशिवन यांना 'मामूटींमुळे (मल्याळमचे बडे नट) एका रात्रीत प्रकाशात आलेला दिग्दर्शक' असे म्हणून एका वाक्यात उरकले आहे. ते वाक्य काही घशाखाली उतरेना, म्हणून हे पत्र.

ती रात्र बरीच लांब होती हो. २००१च्या पावसाळ्यात केरळात लाल पाऊस पडला होता. कपडे वाळत घातलेल्यांची तारांबळ उडाली, वर्तमानपत्रांत अटकळींना ऊत आला आणि शेवटी तपासणीत तो रंग शेवाळाच्या बीजाणूंचा निघाला. त्या पावसावर विज्ञानकथेच्या अंगाने बेतलेला 'रेड रेन' हा सदाशिवन यांचा पहिला सिनेमा, २०१३चा. तो आला आणि गेला. त्यानंतरचा 'भूतकालम' थेट जानेवारी २०२२मध्ये, तोही थिएटरात नव्हे, ओटीटीवर. मधली आठ वर्षे त्यांच्या नावावर एकही चित्रपट नाही. इतक्या वर्षांत माणूस सहसा मालिकांकडे वळतो, नाहीतर जाहिरातींत रमतो. हे परतले ते भुताची गोष्ट घेऊन, आणि पुन्हा त्या वाटेवरून हलले नाहीत.

'भूतकालम' या नावात आपल्यालाही कळणारा श्लेष आहे, भाषांतराची गरजच नाही. भाड्याचे घर, नैराश्याशी झगडणारी आई, शिकून बेकार बसलेला मुलगा आणि घरात नुकताच झालेला आजीचा मृत्यू. मुलाला नोकरीसाठी बाहेर पडायचे आहे, आईला तो डोळ्यांआड नको आहे. बराच वेळ काही म्हणता काही घडत नाही. जेवणाच्या टेबलावर दोघे एकमेकांकडे न बघता बोलतात, रात्री मुलाला आवाज ऐकू येतात आणि त्याचे डोके ठिकाणावर नाही असे सगळ्यांना वाटते, आईलासुद्धा. मी हा सिनेमा पाहिला तेव्हा माझा मुलगा पुण्याला जायचे म्हणत होता आणि मी त्याला 'अजून एक वर्ष थांब' म्हणत होते. भुताची भीती मला शेवटच्या अर्ध्या तासात वाटली, त्याआधीची सगळी भीती आईचे काम करणाऱ्या रेवतींच्या चेहऱ्याची होती. त्या भूमिकेसाठी त्यांना केरळ सरकारचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. मुलगा गेला पुण्याला, ते वेगळे.

मामूटी आले ते यानंतर, फेब्रुवारी २०२४च्या 'भ्रमयुगम'मध्ये. म्हणजे मामूटींनी दिग्दर्शक घडवला असे म्हणण्यापेक्षा आधीचे काम बघून त्यांनी आपला चेहरा त्याच्या हाती दिला, असे म्हणणे खरे होईल. चेहराही कसा, तर कृष्णधवल! इतक्या मोठ्या नटाला घेऊन आजच्या काळात अख्खा सिनेमा काळ्यापांढऱ्यात करायचा, पडद्यावर माणसे मोजून पाच-सहा ठेवायची आणि त्यांना एका पडक्या वाड्यात कोंडायचे, याला छाती लागते.

त्यातला एक प्रसंग लेखात यायला हवा होता. सतराव्या शतकातला मलबार. पोर्तुगीजांच्या गुलामगिरीतून पळालेला तेवन हा पाणन जातीचा गवई. गाणी गाऊन पोट भरणाऱ्यांची ही जात. भुकेला तेवन एका नंबुद्री, म्हणजे केरळी ब्राह्मणाच्या, वाड्यात शिरतो. मालक पोट्टी, म्हणजे मामूटी, त्याला आसरा देतो, 'अतिथी' म्हणून गौरवतो आणि एक दिवस फासे टाकायला बसवतो. तेवन म्हणतो, माझ्याकडे पणाला लावायला आहेच काय? मालक म्हणतो, तुझा वेळ लाव. गडी हरतो आणि त्याचे पुढचे आयुष्यच मालकाच्या नावावर चढते. कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबलेली माणसे आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतही होतीच की. इथे भूत आणि सावकार यांच्यात फरक करता येत नाही, आणि मला वाटते सदाशिवन यांची खरी करामत ती आहे. याच भूमिकेसाठी २०२५मध्ये मामूटींना राज्य पुरस्कार जाहीर झाला.

३१ ऑक्टोबर २०२५ला आलेला त्यांचा पुढचा सिनेमा 'डीएस ईरे' मला त्यामानाने आरडाओरड्याचा वाटला. प्रणव मोहनलाल यांनी संयत काम केले आहे, घर यावेळी पैसेवाल्याचे, चकचकीत आहे, दचकायलाही होते. पण 'भूतकालम'सारखे ते दुसऱ्या दिवशी दुपारी आठवत नाही. तरी सूत्र तेच. माणूस घरात अडकतो आणि घर त्याला सोडत नाही.

आता थोडे घरचे. 'भ्रमयुगम'मधला मलबारचा चात्तन, म्हणजे तिकडचे भूत, मल्याळममध्येच बोलला आणि आपण सबटायटल्स वाचत त्याला भ्यायलो. आपल्या कोकणच्या मातीतला 'तुंबाड' राही अनिल बर्वे यांनी केला तो हिंदीत. 'मुंज्या' आदित्य सरपोतदार यांनी केला, तोही हिंदीत. दोघेही मराठी आणि दोन्ही सिनेमे मला आवडले. निर्मात्यांची गणिते असतील, मला समजतात. पण पिंपळावरचा मुंजा 'सुनो' म्हणतो तेव्हा मला, गुहागरच्या बाईला, हसू येते. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी ज्या भाषेत भयकथा लिहीत होते, तिच्या निर्मात्यांनी इतके संकोचायचे कारण नव्हते.

आपली,
एक वाचक, गुहागर

ता. क. : लेखात पोट्टीचे नाव 'कुंजमोन' छापले आहे. ते आधीचे. कोट्टयमच्या पुंजमोन घराण्याने आपली बदनामी होते म्हणून केरळ उच्च न्यायालयात धाव घेतली आणि प्रदर्शनाच्या तोंडावर ते बदलून 'कोडुमोन पोट्टी' करण्यात आले. तेवढी दुरुस्ती छापावी, नाहीतर ते घराणे आपल्याकडे यायचे.