नाव न घेता आभार

मॅडम,

सादर नमस्कार.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माझं नाव नको, असं तुम्ही बजावलं होतंत. कारण विचारलं तर म्हणालात, "मी चिपवाली, वायरलेसवाली नाही. तुमच्या विषयातलं मला काय कळतं?" म्हणून इथेही नाव घेत नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे आहेत, कारण तुमचा एक प्रश्न या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडायला हवा: ऊर्जा नेमकी जाते कुठे?

मेंदूसारख्या नेटवर्कने कमी विजेत सिग्नल ओळखणारा वायरलेस रिसीव्हर, हा माझा विषय. तो माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. अँटेनावर सिग्नल सरळ येत नाही. आडव्यातिडव्या वाटांनी, एकमेकांत मिसळून, गोंगाट बरोबर घेऊन येतो. त्यातून पाठवलेला सिम्बॉल, म्हणजे काही बिटांचा ठरावीक संकेत, ओळखायचा. एकाच वेळी चार प्रवाह आणि प्रत्येकात 16 पैकी एक सिम्बॉल, एवढं धरलं तरी सगळ्या शक्यता तपासायला 65,536 जुळण्या होतात, त्याही दर वेळी नव्याने. म्हणून रिसीव्हरमध्ये सोप्या रेषीय पद्धती वापरतात. पाठवणाऱ्याच्या पॉवर अॅम्प्लिफायरने सिग्नल मोठा करताना वाकवला, म्हणजे त्याचा आकार बिघडवला, असेल तर मात्र त्या अडखळतात. न्यूरल नेटवर्क तिथे निभावून नेतं, पण गुणाकारांचा ढीग लावतं. मेंदूसारख्या, स्पाइकवर (क्षणिक ठोक्यांवर) चालणाऱ्या नेटवर्ककडे लोक वळतात ते यामुळे.

तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या स्लाइडवर 'मेंदू अवघ्या 20 वॅटवर चालतो' असं ठळक अक्षरांत होतं. तुम्ही ती वाचलीसुद्धा नाहीत. फळ्यावर चिप-संशोधक मार्क होरोविट्झ यांनी 2014 मध्ये मांडलेले आकडे लिहिलेत. 45 नॅनोमीटरच्या चिपवर 32 बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट गुणाकाराला 3.7 पिकोज्यूल (पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा एक लाख कोटीवा भाग), बेरजेला 0.9, आणि चिपबाहेरच्या मेमरीतून (डीरॅम) तेवढ्याच लांबीचा एक आकडा आणायला सुमारे 640. "आता मेंदू बाजूला ठेव आणि यावर बोल," म्हणालात.

मग एकेक गाठ सुटत गेली. स्पाइक म्हणजे एक, नसला तर शून्य. त्यामुळे गुणायला काही उरतच नाही, जोडणीचं वजन नुसतं मिळवायचं. स्पाइक आलाच नाही तर बेरीजसुद्धा नाही. नेहमीच्या नेटवर्कात एका जोडणीला गुणाकार-बेरीज मिळून 4.6 पिकोज्यूल, इथे एका स्पाइकला 0.9. मी खूश! तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "एका निर्णयापर्यंत पोचायला तुझा न्यूरॉन सरासरी किती वेळा पेटतो?" पेटणं म्हणजे न्यूरॉनने, नेटवर्कच्या एका घटकाने, स्पाइक सोडणं. उत्तर पाचच्या वर गेलं की बचत संपली, कारण 4.6 भागिले 0.9 म्हणजे सुमारे पाच. भागाकार शाळेतला आहे, पण तो केल्याशिवाय कुणी 'ऊर्जाबचत' हा शब्द लिहू नये, असं आता माझं ठाम मत आहे.

त्या 640 ने तर विषयच उलटा केला. वजनं दर वेळी लांबच्या मेमरीतून आणायची असतील तर गुणाकार वाचवून काय साधलं? इंटेलने 2017 मध्ये जाहीर केलेल्या लोइही या स्पाइकवाल्या चिपमध्ये 128 गाभे (कोअर) आणि सुमारे 1.3 लाख न्यूरॉन आहेत, आणि प्रत्येक गाभ्याची मेमरी त्याच्या कुशीत आहे. ते तसं का केलंय, हे त्या फळ्यामुळे कळलं. जीपीयूवर (नेहमीच्या ग्राफिक्स चिपवर) स्पाइकचं नुसतं अनुकरण करून वीज वाचत नाही, हेही त्याच ओघात.

दुसरा उपकार हर्बर्ट येगर आणि हराल्ड हास यांच्या 2004 च्या शोधनिबंधाचा. त्यांनी नेटवर्कच्या आतल्या जोडण्या यादृच्छिक ठेवून गोठवल्या, फक्त बाहेर पडणारी वजनं शिकवली, आणि वाकड्या चॅनेलवरच्या (सिग्नलच्या वाटेवरच्या) चुका आधीच्या पद्धतीपेक्षा शंभरपट कमी करून दाखवल्या. शिकवायचं इतकं थोडं असेल तर मोजक्या पायलट (रिसीव्हरला आधीच माहीत असलेल्या) सिम्बॉलांवर भागू शकतं, आणि चॅनेल सतत बदलत असताना याला फार किंमत आहे. याच कल्पनेचं स्पाइकवालं भावंड वोल्फगांग मास आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये मांडलं होतं. पण तुम्ही बोट ठेवलंत ते भलत्याच जागी. रिसीव्हरला वाकलेला सिग्नल झेपला, तर समोरच्या अॅम्प्लिफायरला जपून, मागे सरकून, म्हणजे ताकद कमी ठेवून, चालावं लागत नाही. तो आपल्या कार्यक्षम टप्प्यात चालतो. म्हणजे रिसीव्हर शहाणा झाला की वीज पलीकडच्या टोकाला वाचते! ही गोष्ट मला चिपवालीने दाखवावी, यात वायरलेसवाल्यांनी काय ते समजून घ्यावं.

एका बाबतीत तुमच्याशी अजून वाद आहे. बदल झाला तरच स्पाइक पाठव, हा तुमचा लाडका उपाय. स्थिर कॅमेऱ्यासमोर तो छान आहे, कारण तिथे बहुतेक काही हलत नाही. ओएफडीएमची (अनेक वारंवारतांवर एकाच वेळी माहिती नेणारी) लहर मात्र क्षणभर स्वस्थ बसत नाही. एलटीईमधला (4जी) एक सिम्बॉल जेमतेम 66.7 मायक्रोसेकंदांचा, आणि त्यात सतत चढउतार. तिथे शांतता आणायची कुठून? माझ्या मते सिग्नल आधी फूरियर रूपांतराने वेगवेगळ्या वारंवारतांत वेगळा करून मगच स्पाइकमध्ये बदलावा. तुम्ही यावर नुसत्या हसलात. ते हसणं मी होकार धरलेलं नाही, काळजी नसावी.

जाता जाता तुम्ही विचारलेलं अजून माझ्याकडे बाकी आहे. नेटवर्कने सिम्बॉल कोणता एवढंच सांगून भागत नाही. पुढच्या, चुका दुरुस्त करणाऱ्या एलडीपीसी डिकोडरला प्रत्येक बिटाबद्दल किती खात्री आहे तो आकडा लागतो, आणि खात्री बारकाईने सांगायची तर स्पाइक वाढतात. ते पाचाच्या आत कसे ठेवायचे, याचा हिशोब मांडतेय. मेमरीचा रकाना आधी भरलाय. पुढच्या आठवड्यात घेऊन येते. फळा रिकामा ठेवा.

आपली,
(तुम्ही मानत असाल तर) विद्यार्थिनी