बटाटा परत आला

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय दत्त्या,

फोनवर 'नाकाचं ऑपरेशन झालं' म्हटल्यावर तू जो हसत सुटलास, त्यात पुढचं राहूनच गेलं. म्हणून लिहितोय.

माझ्या नाकाचा शेंडा म्हणजे बटाटा, हे तालमीत तूच पसरवलंस. सहा वर्षांपूर्वी तो एका ठिकाणी बारीक करून घेतला. वर्षभर नाक झकास. मग शेंडा चिमटीत धरल्यासारखा दोन्ही बाजूंनी आत गेला. जोरात श्वास ओढला की उजवी नाकपुडी चिकटायची. जोर मारताना तोंड उघडं, आणि पोरं फिदीफिदी!

नव्या डॉक्टरबाईंनी कागदावर तिवई काढली. शेंड्यात कूर्चेच्या, म्हणजे लवचिक मऊ हाडाच्या, दोन कमानी असतात. त्यांचे मधले पाय जोडून एक, बाजूचे दोन, झाली तिवई. बारीक करायला बाजूच्या पायांची वरची कड कापतात, पण खाली सहा-सात मिलिमीटरची पट्टी ठेवावीच लागते. माझी जेमतेम तीन उरलेली, उजवीकडं तर तुटलेली. जखम आतून आकसत गेली तसे पाय वाकले. "कापणं विसरा आता, भरायचं बघू," बाई म्हणाल्या.

भरायला माल कुठला? दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातली कूर्चा आधीच काढलेली. तिची वरची आणि पुढची सेंटीमीटरभर पट्टी तर हलवायचीच नसते, नाहीतर नाक बसतं. मग कान. माझा डावा बघून बाई थबकल्या. म्हटलं, कुस्ती. उजवा कसाबसा शाबूत निघाला, लेका! मागून छेद घेऊन त्याच्या वाटीतला तुकडा काढला. कानाची कूर्चा वाकडी आणि मऊ, म्हणून दुहेरी शिवून मधला खांब केला. बाजूंना पट्ट्यांचे टेकू दिले आणि कमानी टाक्यांनी जवळ ओढल्या.

तुमच्या पुण्याकडच्या कुंभारानं कपाळाची कातडी वळवून नाक घडवलेलं, १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आलं होतं. मला कातडीची ददात नव्हती, आतले वासे मोडलेले.

आठवड्यानं वरचं प्लास्टर निघालं. आरशात बघतो तर बटाटा परत! शेंड्याची सूज सगळ्यात शेवटी उतरते, वर्षसुद्धा लागतं. पण काल पहाटे तोंड मिटून रंकाळ्याला अख्खी चक्कर मारली.

दिवाळीला आलास की पाठीत धपाटा घालायची तुझी सवय आवर. चष्मासुद्धा सध्या कपाळाला चिकटपट्टीनं टांगून फिरतोय.

तुझा,
बाळ्या