अण्णा, त्या बारा स्क्रूंबद्दल मनापासून आभार

प्रिय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

गिटारचं काम फत्ते झालं. सहाही तारा हव्या त्या उंचीवर बसल्यात आणि बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पट्टीवर) सूर नेमका लागतोय. तोंडी आभार मानले होतेच, पण तुम्ही काय केलंत ते चारचौघांना कळावं असं वाटलं, म्हणून हे उघड पत्र.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या धर्तीच्या गिटारमध्ये प्रत्येक तार ब्रिजवरच्या, म्हणजे बॉडीवर तारा धरणाऱ्या धातूच्या भागावरच्या, एका छोट्या सॅडलवर टेकते. सॅडलला उंची कमीजास्त करायला दोन बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) असतात, म्हणजे एकूण बारा. वाजवताना तळहात तिथेच टेकतो. सोलापूरचा उन्हाळा, घामाचं मीठ, वर्षानुवर्षं हेच चाललेलं. स्क्रू गंजले आणि काहींची ॲलन कीची (षटकोनी चावीची) भोकं झिजून गोल झाली.

वाद्यांच्या दुकानात तारा मिळाल्या, स्क्रू नाहीत. इतका बारीक माल ते कशासाठी ठेवतील? 'अख्खा ब्रिजच बदल' हा सल्ला मात्र सगळीकडे मिळाला. पण ब्रिज बॉडीवर सहा स्क्रूंनी बसतो, आणि जुन्या अमेरिकी मापात टोकाच्या दोन स्क्रूंमधलं अंतर सुमारे ५६ मिमी, तर आशियात बनलेल्या कितीतरी गिटारींत ५२.५ मिमी असतं. माप चुकलं तर लाकडात नवी भोकं पाडावी लागतात. चांगल्या बॉडीला भोकं पाडणं माझ्या जिवावर आलं होतं.

शेवटी तुमच्या वर्कशॉपमध्ये आलो. तुमच्या लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) त्या दिवशी यंत्रमागाचा शाफ्ट चढवलेला होता. माग थांबला की विणकराची मजुरी थांबते, म्हणून तुम्ही मला संध्याकाळी बोलावलंत. ते मला फार आवडलं. आणि संध्याकाळी आलो तेव्हा स्क्रूंचा डबा उघडायच्या आधी तुम्ही जाडी मोजायचा व्हर्निअर आणि आटे मोजायचं पिच गेज काढलंत.

तिथेच सगळं ठरलं. अमेरिकी सॅडलमध्ये बहुधा ४-४० आट्याचे स्क्रू असतात: जाडी २.८४ मिमी, इंचाला चाळीस आटे. माझे निघाले एम थ्री, म्हणजे ३ मिमी जाडीचे, अर्ध्या मिलिमीटरच्या पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे). हातात घेतले तर दोन्ही सारखेच वाटतात. चुकीचा स्क्रू एखादा फेरा आत जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की सॅडलमधले आटेच कापले जातात. "गडबड करू नको की, आटे जातील," हे तुम्ही पहिल्याच मिनिटाला म्हणालात.

अडकलेल्या स्क्रूंना तेल सोडून रात्रभर ठेवलंत. जे तरीही हलेनात, त्यांच्या वर आलेल्या टोकावर बारीक करवतीने खाच पाडलीत आणि चपट्या स्क्रू ड्रायव्हरने सावकाश फिरवून बाहेर काढलेत. एकाही सॅडलला ओरखडा नाही! तुमच्याकडचे स्टीलचे ग्रब स्क्रू लांब होते, ते खालच्या टोकाकडून कापून कानशीने गोल केलेत: कडेच्या दोन सॅडलना ८ मिमी, मधल्या चारांना १० मिमी, कारण फ्रेटबोर्डला गोलाई असते आणि मधल्या तारा जरा उंच बसतात. हे मी एकदाच सांगितलं होतं, तुम्ही ते लगेच पाटीवर लिहून घेतलंत. आता वर काही टोचत नाही, तळहात निर्धास्त टेकतो.

नेमकं माप घेणारा माणूस गिटारच्या दुकानातच असायला हवा असं नाही, तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागाचे सुटे भाग बनवतानाही भेटतो, हे मला तुमच्यामुळे कळलं. तुमचे कष्ट आणि तुमचा संयम, दोन्हींबद्दल मी ऋणी आहे.

मापांचा कागद सोबत जोडलाय, तुमच्याकडेच राहू द्या. गावात गिटार वाजवणारी आणखी पोरं आहेत, त्यांचेही स्क्रू गंजतच असतील. तुमची हरकत नसेल तर त्यांना तुमच्याकडे पाठवतो, संध्याकाळी, मागाचं काम उरकल्यावर.

तुमचा,
गिटारवाला पोरगा