कापडावरच्या समुद्रासाठी, ताई, तुमचे आभार

प्रिय ताई,

कापड रंगवून-शिवून केलेला तो समुद्रकिनारा एकदाचा फ्रेमवर ताणून झाला! नुसत्या मेसेजवर थँक्यू लिहून मन भरेना म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, शिवाय दुसऱ्या कुणाला असं काही करायचं असेल तर तुमचं सांगणं त्यांच्याही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी ती वाळू. ओहोटीनंतर वाळूवर ज्या बारीक वळ्या राहतात त्या शिवायच्या म्हटल्यावर मला वाटलं तुम्ही टाका सांगाल, पण तुम्ही विचारलंत की इथलं पाणी पुढेमागे होत होतं की एकाच दिशेने वाहत होतं? मग फोटो झूम करून दाखवलंत, लाटांच्या ये-जा करण्याने झालेल्या वळ्या दोन्हीकडे सारख्या उतरतात आणि प्रवाहाने झालेल्या असल्या तर एक बाजू लांब उताराची नि दुसरी एकदम खडी. बस्स, त्यावरून काम कसं करायचं ते आपोआप कळलं. सारख्या वळ्यांसाठी दोन कापडांमधे पातळ बॅटिंग (गोधडीत भरतात तसा मऊ थर) घालून धावदोरा जरा ओढून घेतला, की रांगांमधलं कापड उचललं जातं, आणि जिथे ओहोळ समुद्राला मिळतो तिथे बारीक प्लेट्स (चुण्या) घालून सगळ्या एकाच बाजूला दाबून टाचल्या. लोक लांबून बघून त्याच जागी हात लावायला येतात ताई, खरंच सांगते.

रंगाचंही तेच. ओली वाळू कोरडीपेक्षा गडद असते हे माहीत होतं, पण पाणी नुकतंच सरकलेल्या गुळगुळीत पट्ट्यात आभाळ दिसतं, म्हणून आभाळाचं कापड ज्या रंगात बुडवलंस त्यातच या पट्ट्याचं बुडव, फक्त ते चमकदार रेशीम घे, हे तुमच्याशिवाय कुणी सांगितलं नसतं. नीळीच्या रंगात कापड बुडवताना तुम्ही शेजारी उभ्या होतात ते तर विसरणंच शक्य नाही, कापड बाहेर काढताना हिरवट पिवळं आणि हवा लागली की बघता बघता निळं! एकदाच खूप वेळ बुडवून ठेवण्यापेक्षा थोडं थोडं बुडवायचं, मधे हवा लागू द्यायची, आणि क्षितिजाकडचा भाग कमी वेळा बुडवायचा कारण लांबचं सगळं फिकं दिसतं. त्यावर ऑर्गेंझाचा, म्हणजे पातळ पारदर्शक कापडाचा, एक थर टाकला आणि धुकं तयार.

कापणीचा तुमचा नियम मी भिंतीवर लिहून ठेवलाय. क्षितिजाची पट्टी विणीच्या सरळ धाग्यावर कापायची, उरेब म्हणजे धाग्याला तिरपी कापली तर ताणताना मधे वाकते आणि अख्खा समुद्र कललेला दिसतो. फेसाच्या पट्ट्या मात्र उरेबच, म्हणजे वळणावर चुण्या न पडता छान वळतात. मला विचाराल तर या सगळ्या कामात यापेक्षा महत्त्वाचं काही नाही, टाके नंतर सुधारता येतात पण धाग्याची दिशा चुकली की काही करता येत नाही.

आणि गंजाचे डाग! लोखंडी खिळे नि व्हिनेगरने सुती कापडावर खडकांचे तपकिरी रंग आले ते तुमच्यामुळे, पण त्याहून मोठे उपकार म्हणजे नंतर सोड्याच्या पाण्यात बुडवून खळखळून धुवायला लावलंत, नाहीतर आम्ल तसंच राहून कापड कमजोर होत गेलं असतं. लोखंड थोडं तरी धाग्यात राहतंच, म्हणून या तुकड्यामागे तुम्ही सांगितलंत तसं जाड अस्तरही लावलंय.

तुम्ही एकदाही माझ्या हातातून सुई घेतली नाहीत, याबद्दल सगळ्यात जास्त आभार. आता भरतीच्या वेळचे खडक करायला घेतेय, शेवाळासाठी गाठीचे टाके घ्यावेत की लोकर, यावर अडलेय, तर येत्या आठवड्यात फोन करीन.

तुमचीच विद्यार्थिनी